झटका मशीन टिकटिक करतं, तरी डुकरं वावरात शिरतात: दोष कुठे शोधायचा?

भिवापूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावांचा प्रश्न थोडक्यात असा. सात एकरांत हरभरा आणि मिरची आहे. चारही धुऱ्यांवर (बांधांवर) पाच तारांचं सोलर झटका कुंपण आहे. मशीनचा लाइट लुकलुकतो, टिकटिक ऐकू येते, मशीनजवळ टेस्टर ७ किलोव्होल्ट म्हणजे ७ हजार व्होल्ट दाखवतो. नाल्याकडच्या धुऱ्यावर मात्र आकडा २ च्या खाली जातो आणि रानडुकरं तिथूनच आत येतात. दुकानदार म्हणतो मशीन गेलं, नवं घ्या. शेजारी म्हणतो रात्री पंपाची लाइन सरळ तारेला जोडून द्या.

भाऊ, मशीन बदलायची घाई करू नका. तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतूनच बरंच कळतं आणि दोन्ही आकडे मशीनच्या बाजूनं बोलतात. पण आधी शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं बोलू, कारण तो आज रात्री अमलात आला तर पुढचं सगळं लिहून उपयोग नाही.

झटका मशीन ५ ते ९ हजार व्होल्ट सोडतं आणि पंपाची लाइन २३० किंवा ४१५ व्होल्टची असते, म्हणून पुष्कळांना लाइनच सौम्य वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. मशीनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि त्यानंतर साधारण सेकंदभर तारेत काहीच नसतं. तेवढ्या वेळात जनावर मागे उडतं, माणूस हात काढून घेतो. लाइनचा करंट थांबतच नाही. स्नायू आखडतात, मूठ तारेवर आवळली जाते आणि सुटत नाही. पहाटे ओलितासाठी निघालेला गडी, गवत कापायला आलेली शेजारीण, तुमची स्वतःची बैलजोडी, कोणीही त्यात सापडू शकतं. तुमचा भाग उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे, वाघ नाल्यानाल्यानं फिरतात. तिथल्या 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीडकडे अशाच करंट सोडलेल्या तारेनं मेला. वीज कायदा २००३ आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ दोन्ही यात लागतात, आणि माणूस दगावला तर फौजदारी गुन्हा वेगळा. एक रात्रदेखील नको. हरभऱ्याचं नुकसान भरून निघतं.

आता दोषाकडे येऊ.

झटका लागायला करंटाला पूर्ण फेरी मारावी लागते. मशीनच्या लाल टर्मिनलमधून तारेत, तारेतून डुकराच्या नाकात, पायांतून जमिनीत, जमिनीतून अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या लोखंडी रॉडपर्यंत आणि रॉडमधून परत मशीनमध्ये. यातली निम्मी वाट जमिनीतून जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच लोक तार तपासतात, खांब तपासतात, मशीन खोलून बघतात आणि अर्थिंगकडे शेवटी वळतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांपैकी पुष्कळ टेबलावर ठेवल्या ठेवल्या पूर्ण व्होल्टेज देतात. दोष शेतातच राहिलेला असतो.

तुमच्या आकड्यांकडे बघा. नाल्याकडच्या गवतातून किंवा तार खांबापासून वेगळी ठेवणाऱ्या एखाद्या फुटक्या इन्सुलेटरमधून मोठी गळती होत असती आणि तार तिथपर्यंत धडधाकट असती, तर मशीनजवळचा आकडाही खाली ओढला गेला असता. ७ टिकून आहे, म्हणजे मशीनला तो भार दिसतच नाही. मग माझ्या मते तीन शक्यता उरतात. मधे कुठे तरी एखादा सांधा सैल किंवा गंजलेला आहे. किंवा अर्थिंग कमजोर आहे आणि तुम्ही मोजलं अशा पद्धतीनं की ते लपून राहिलं. किंवा नाल्याकडे टेस्टरची खुंटी कोरड्या मातीत किंवा मुरमात रोवली गेली आणि टेस्टरनं चुकीचं सांगितलं.

तिसरी शक्यता दोन मिनिटांत निकालात निघते. खुंटी रोवायच्या जागी तांब्याभर पाणी ओता, खुंटी वीतभर खोल जाऊ द्या आणि परत मोजा. आकडा २ वरून ६ वर गेला, तर तार ठीक आहे आणि तिथली माती कोरडी आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. टेस्टरच्या खुंटीला जी माती पुरली नाही, ती डुकराच्या खुरांनाही पुरणार नाही. त्यावरचा इलाज खाली अर्थिंगमध्ये सांगतो.

दुसऱ्या शक्यतेसाठी मशीनजवळच परत मोजायचं, पण वेगळ्या पद्धतीनं. बहुतेक जण मशीनजवळ मोजताना टेस्टरची एक वायर लाल टर्मिनलला आणि दुसरी हिरव्या म्हणजे अर्थच्या टर्मिनलला लावतात. यात जमीन येतच नाही. अर्थिंग पूर्ण तुटलेलं असलं तरी टेस्टर ७ दाखवेल. त्याऐवजी तुमच्या रॉडपासून दहाबारा पावलं लांब, ओल्या मातीत खुंटी रोवा आणि तिथून तार मोजा. ७ चे ३ झाले, तर दोष अर्थिंगमध्ये आहे आणि नाल्यापर्यंत जायची गरज नाही. ७ चे ६.५ राहिले, तर अर्थिंग बऱ्यापैकी आहे आणि सांधे शोधायला लागा.

एक सूचना इथेच देतो. हे सगळं कुंपणाच्या टेस्टरनंच करायचं. घरातल्या वायरिंगचा मल्टिमीटर या तारेला लावला की तो जळतो, आणि हातात धरलेल्याला झटका बसतो तो वेगळाच. पाच दिव्यांचा साधा निऑन टेस्टर चालतो, पण त्याच्या एका दिव्यात हजार-दोन हजार व्होल्टचा फरक दडतो. दोष शोधायचा असेल तर आकडे दाखवणारा डिजिटल टेस्टर घ्या. नव्या मशीनपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

मशीनबद्दलची शंका पूर्ण मिटवायची असेल तर मशीन बंद करा, कुंपणाची आणि अर्थिंगची दोन्ही वायर काढा, परत चालू करा आणि दोन्ही टर्मिनलमध्ये मोजा. ७ ते ९ किलोव्होल्ट दिसले तर मशीन निर्दोष. ४ च्या खाली दिसले तर आधी बॅटरी बघा, मशीन नंतर. मशीनचा डबा मात्र उघडू नका. आतला कपॅसिटर बंद केल्यावरही काही वेळ शेकडो व्होल्ट धरून ठेवतो, आणि तिथला झटका तारेच्या झटक्यासारखा सौम्य नसतो.

बॅटरी मोजायची वेळ दुपारची नाही. दुपारी सोलर प्लेट बॅटरी चार्ज करत असते, तेव्हा १३.८ किंवा १४ दिसणारच, आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. पहाटे, सूर्य वर यायच्या आधी मोजा. इथे साधा मल्टिमीटर चालतो, फक्त बॅटरीच्या टोकांवर. १२.५ च्या आसपास असेल तर उत्तम, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे संपलेली. डुकरं रात्री दोन-तीनच्या सुमाराला येतात आणि नेमकी तेव्हाच कमजोर बॅटरी बसते. दिवसा तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बॅटरीतलं पाणी झपाट्यानं उडतं. डिस्टिल्ड वॉटर घालत राहा, बोअरचं पाणी नको. टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर वायर काढून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. प्लेट दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंश कललेली हवी, आणि हरभऱ्याच्या दिवसांत बाजूच्या तुरीची किंवा मोहाची सावली तिच्यावर पडता कामा नये. प्लेटच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी चार्जिंग निम्म्याहून खाली येऊ शकतं. प्लेटवरची धूळ आणि पाखरांची घाण आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायची. बस, बॅटरीबद्दल एवढंच.

अर्थिंगवर थोडं सविस्तर लिहितो, कारण नागपूर जिल्ह्यात बहुतेक कुंपणं इथेच मार खातात.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात लावलेला रॉड घट्ट असतो, चारही बाजूंनी ओली माती त्याला चिकटलेली असते. मार्चपासून भेगा पडायला लागतात आणि भेग नेमकी रॉडच्या कडेनं जाते, कारण तिथे मातीची पकड सगळ्यात कमी असते. वरून बघितलं तर रॉड उभाच दिसतो. बोटानं हलवून बघा. दातासारखा हलला तर वरच्या दोन फुटांत रॉडला मातीचा स्पर्शच उरलेला नाही. तुमच्याकडे हरभरा ओलिताखाली असला तरी मशीनची खोली सहसा उंच, कोरड्या जागी असते आणि रॉडही तिथेच ठोकलेले असतात. मुरमाड जमिनीत तर हिवाळ्यातही हीच गत.

अर्थिंग पुरेसं आहे का हे तपासायची पक्की रीत अशी. मशीन बंद करा. मशीनपासून निदान शंभर मीटर लांब जा, लोखंडी सळया जमिनीत रोवून तारेला टेकवा. तीन-चार सळया लागतील. मशीन चालू करा आणि कुंपणाचं व्होल्टेज २ किलोव्होल्टच्या खाली आलं का बघा, नसेल तर मशीन परत बंद करून अजून सळया टेकवा. आता मशीनजवळ परत या, टेस्टरची खुंटी रॉडपासून तिच्या वायरीच्या लांबीएवढी लांब रोवा आणि तिचं दुसरं टोक रॉडला लावा. चांगल्या अर्थिंगमध्ये इथे शून्य किंवा फार तर ०.२-०.३ किलोव्होल्ट दिसायला हवं. त्याहून जास्त दिसलं म्हणजे परत येणारा करंट जमिनीत अडकतोय आणि रॉडवरच व्होल्टेज चढतंय. ही चाचणी उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात सगळीच अर्थिंग पास होतात.

कमी पडलं तर रॉड वाढवायचे. जस्ताचा मुलामा दिलेले, सहा फूट लांब रॉड, किमान तीन, एकमेकांपासून दहा फुटांवर. जवळ जवळ ठोकलेले तीन रॉड एकाच रॉडचं काम करतात, कारण ते तेवढीच माती वाटून घेतात. जागा ओलीची निवडा: विहिरीच्या पन्हाळीजवळ, टाकीच्या गळतीखाली, जनावरांच्या हौदाशेजारी, तुमच्या बाबतीत नाल्याच्या काठालाही. मशीनपासून लांब पडलं तरी चालेल, वायर ओढता येते. रॉडभोवती मीठ-कोळसा घालण्याची जुनी पद्धत आहे. तात्पुरता फायदा होतो, पण मीठ रॉड खातं आणि पावसाच्या पाण्यानं वाहूनही जातं. मी बेंटोनाइट मातीचा लगदा घालायला सांगतो. ती पाणी धरून ठेवते आणि रॉडला चिकटून राहते. पंपाच्या किंवा घराच्या अर्थिंगला मशीनचं अर्थिंग जोडायचं नाही, निदान तीस-पस्तीस फूट अंतर ठेवायचं. नाहीतर घरातल्या नळाला आणि गोठ्यातल्या साखळीला झणझण येते.

रॉडवर वायर कशी बांधली आहे तेही बघा. पुष्कळ ठिकाणी जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या रॉडला तांब्याची वायर नुसती पिळून गुंडाळलेली सापडते. जस्त आणि तांबं ओलीत एकत्र आले की जस्त झिजतं, आणि दोन पावसाळ्यांत त्या जागी पांढऱ्या-हिरव्या भुकटीशिवाय काही उरत नाही. हातानं ओढली तर वायर निघून येते. जीआयला जीआयच वायर, आणि क्लॅम्प पान्यानं आवळून.

एवढं करूनही धुरा कोरडा असेल तर, मघाशी म्हटला तो इलाज. पाचपैकी सगळ्या तारांत करंट न सोडता एकाआड एक तार अर्थला जोडायची. खालची करंटची, तिच्यावरची अर्थची, पुन्हा करंटची. डुक्कर नाक खुपसून दोन तारांमधून घुसायला बघतं तेव्हा त्याचं अंग दोन्ही तारांना लागतं आणि फेरी जमिनीशिवाय पूर्ण होते. फेब्रुवारी ते जून आपल्याकडे ही जोडणी सगळ्यात भरवशाची. तारा ताणलेल्या मात्र हव्यात. सैल तारा एकमेकींना लागल्या की सगळं कुंपण शॉर्ट.

आता सांधे. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे.

मशीनपासून नाल्याकडे तार धरून चाला आणि प्रत्येक सांध्याच्या आधी आणि नंतर मोजा. ७, ७, ६.८, ६.८ आणि पुढच्याच सांध्यानंतर एकदम २.५, असं कुठे तरी दिसेल. तोच तो. गळती असेल तर आकडा हळूहळू उतरतो. सांधा खराब असेल तर पायरीसारखा पडतो. खराब सांधा बघायलाही शिका. बांधकामाची मऊ बाइंडिंग तार वापरलेली असते, तिच्यावर तपकिरी गंज असतो, आणि मशीन चालू असताना कान जवळ नेला तर दर सेकंदाला बारीक 'टिक' ऐकू येते. ती ठिणगी आहे. रात्री निळसर दिसते. मशीन बंद करून सांधा उघडला तर तारेवर छोटा काळा खड्डा सापडतो. तो भाग कापून टाका. नुसतं घासून परत पिळलं तर पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. १२ किंवा १४ गेजची जीआय तार आणि दोन तारा आवळणारा जस्ताचा क्लॅम्प, एवढंच लागतं. नागपुरात इतवारीच्या हार्डवेअर दुकानांत मिळतं, उमरेडलाही मिळायला हरकत नाही.

तुमचं कुंपण पूर्ण गोल जोडलेलं आहे की नाही ते लिहिलं नाही. दोन्ही टोकं मशीनपाशी जुळली असतील तर एका ठिकाणी तुटलेला सांधा लपतो, कारण करंट दुसऱ्या बाजूनं येऊन पोहोचतो. अशा वेळी मशीनजवळ एक टोक सोडून द्या आणि मग मोजत चाला.

फाटकाखालची वायर हा वेगळा आणि फार वेळा सापडणारा दोष आहे. फाटकाखालून करंट पलीकडे न्यायला घरातल्या वायरिंगचा उरलेला तुकडा पाइपातून गाडलेला असतो. त्या वायरीचं आवरण ११०० व्होल्टपर्यंतचं असतं. त्यात ७ हजार व्होल्ट सोडल्यावर कोरड्यात ती कशीबशी निभावते. पाइपात पाणी शिरलं की आवरणाला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि करंट जमिनीखालीच गळतो. वरून काही दिसत नाही. तपासणी सोपी: मशीन बंद करून त्या वायरीचं पलीकडचं टोक सोडवा, परत चालू करा, अलीकडे मोजा. पलीकडे काहीच जोडलेलं नसताना आकडा कमी राहिला तर वायर गेली. तिथे कुंपणासाठी बनवलेली दुहेरी आवरणाची जाड वायरच घाला आणि पाइपाची तोंडं खाली वळवा, म्हणजे पाणी शिरणार नाही.

इन्सुलेटरमध्ये स्वस्तातलं प्लास्टिक उन्हानं तडकतं. केसाएवढी भेग कोरड्या दुपारी काहीच करत नाही. पहाटे दवानं ओली झाली की करंट खांबात जातो. लोखंडी अँगलचा खांब असेल तर एकच फुटका इन्सुलेटर अख्खं कुंपण बसवतो. म्हणून पहाटेचा आकडा आणि दुपारचा आकडा वेगळे येत असतील तर इन्सुलेटर आणि गवतच बघायचं, बाकी कुठे वेळ घालवायचा नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे इन्सुलेटर म्हणून बांधलेले दिसले तर आजच काढा. त्या रबराचा काळा रंग कार्बनचा असतो आणि एवढ्या व्होल्टेजला तो करंट वाहून नेतो. काळ्या पाइपाच्या तुकड्यांवरही भरवसा ठेवू नका.

गवताचं सगळ्यांना माहीत आहे तरी होत नाही. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून ८ ते १० इंचांवर हवी, नाकाच्या उंचीवर, आणि नेमकी तीच गवतात बुडते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला धुरा मोकळा करणं जमत नसेल तर खालच्या तारेला वेगळा स्विच बसवून घ्या. ज्या आठवड्यात गवत वाढलंय त्या आठवड्यात तेवढीच तार बंद, वरच्या चालू. रोही (नीलगाई) वरच्या तारांना लागतात, त्यामुळे निदान त्यांच्यापुरतं कुंपण जिवंत राहतं. असेच स्विच प्रत्येक कोपऱ्यावर असले तर दोष शोधणं तासाचं काम होतं. अर्धं कुंपण तोडायचं, मोजायचं, दोष कोणत्या अर्ध्यात ते कळलं की त्याचे परत दोन भाग. सात एकरांच्या धुऱ्याला चार स्विच पुरतात आणि त्यांच्यावरचा खर्च मला कधी वाया वाटलेला नाही.

दोष हाताशी येत नसेल तर अंधारात, टॉर्च बंद करून कुंपणाच्या कडेनं फिरा. पण धुऱ्यावर डुकरं आणि वाघ दोन्ही असतात, म्हणून दोघंतिघं जा आणि बोलत चला. ठिणगी दिसते, नाहीतर ऐकू येते. घरात मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो दोन स्टेशनांच्या मधे लावून सोबत न्या. जिथे ठिणगी पडते तिथे दर सेकंदाला येणारा खट् आवाज मोठा होत जातो. मोबाइलमधला एफएम रेडिओ या कामाचा नाही.

विजांचा कडकडाट सुरू झाला की मशीन नुसतं बंद करून भागत नाही, कुंपणाची वायर आणि अर्थिंगची वायर दोन्ही काढून ठेवायच्या. मृगाच्या आधीच्या वादळांत आणि फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीत सगळ्यात जास्त मशीनं जळतात. तारेवर आलेली वीज जमिनीत वळवणारा लाइटनिंग अरेस्टर बसवलेला असेल तरी तो जवळच्या विजेपुढे टिकेलच असं नाही. मोठ्या कडकडाटानंतर अरेस्टर काळा पडला आहे का तेवढं बघा. तो शॉर्ट झाला तर मशीन चांगलं असूनही कुंपणात काही येत नाही.

आणखी एक, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. झटका कुंपणाचा आवाज तुटक असतो. तारेतून सलग घूं असा आवाज आला, किंवा हाताच्या मागच्या बाजूला तुटक झटक्याऐवजी सलग झणझण जाणवली, तर कुंपणावर लाइनची तार पडलेली असू शकते किंवा कुठे तरी लाइनचा करंट शिरलेला आहे. शेतातल्या लाइनच्या तारा लोंबकळतात, वाऱ्यात तुटतात. कुंपणाला, खांबाला, फाटकाला हात लावायचा नाही, जनावरं लांब न्यायची, महावितरणच्या लाइनमनला फोन करून डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरपासून) लाइन बंद करून घ्यायची, आणि त्यानंतरच जवळ जायचं. आणि ११ केव्हीच्या लाइनखालून कुंपण नेताना ते लाइनला समांतर नको, काटकोनात न्या.

दुरुस्ती झाल्यावर निदान दोन-तीन आठवडे मशीन दिवसाही चालू ठेवा. तुमच्या डुकरांना नाल्याकडची बाजू मोकळी आहे हे आता पाठ झालं आहे. तिथे नाक लावल्यावर ४ किलोव्होल्टच्या वरचा झटका चार-सहा वेळा बसेपर्यंत ती येतच राहतील. त्या दिवसांत एखादं डुक्कर घुसलं म्हणून दुरुस्ती फसली असं समजू नका, आकडा बघा. शेजारच्या पायवाटेकडून दिसतील अशा पाट्याही लावा, मराठीत, सोबत विजेच्या खुणेचं चित्र. शाळेत जाणारी मुलं तिकडून जातात.

तर भाऊ, उद्या पहाटे तीन आकडे घ्या: बॅटरीचा, मशीनजवळ लांब ओल्या मातीतली खुंटी धरून तारेचा, आणि नाल्याकडे पाणी ओतलेल्या मातीत खुंटी रोवून तारेचा. दुपारी एकदा तेच परत. सहा आकडे इथे लिहा, सोबत कुंपण गोल आहे की एका टोकाला सुटं, आणि फाटकाखाली कोणती वायर आहे तेही. दोन्ही वायर काढून मशीन एकट्यानं ४ च्या खाली दाखवत असेल आणि बॅटरी पहाटे १२.५ असेल, तरच मशीन खोलल्याशिवाय, बॅटरी न आणता, नागपूरला घेऊन या.